सासूबाईंचं माप

शिवणबाईचं मशीन गेली त्रेचाळीस वर्षं एकाच खिडकीशी होतं. लग्न होऊन आली तेव्हा ते तिच्या सामानातून आलं, आणि सासूबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं, "आतल्या खोलीत ही खडखड नको." म्हणून मशीन गेलं व्हरांड्यात, रस्त्याकडच्या खिडकीखाली. हा हुकूम पुढे शिवणबाईच्या चांगलाच पथ्यावर पडला. येणारा-जाणारा तिला मान खाली घालून शिवताना बघायचा आणि दुसऱ्या दिवशी बगलेत कापड मारून दारात उभा राहायचा. वर्षभरात तिच्या नावाचा सगळ्यांना विसर पडला. ती शिवणबाई झाली, ती झालीच.

तिने शाळेचे गणवेश शिवले, नवरीचे पोशाख शिवले, दवाखान्याचे पडदे शिवले. एकदा तीन पायांच्या कुत्र्याला थंडीचा कोट शिवला, तोही चौथ्या पायाचं भोक न ठेवता, नीट बेतून. गल्लीतल्या कुठल्या पोरीला दिवस गेलेत हे पोरीच्या आईच्या आधी हिच्या टेपला कळायचं. पण टेपवर दिसलेलं ओठांवर येऊ द्यायचं नाही, हा तिचा नियम. माप वहीत लिहायचं आणि वही मिटायची. त्यामुळे बायका कपड्यांच्या निमित्ताने येत आणि मन मोकळं करून जात.

सगळी गल्ली तिच्याकडे शिवून घ्यायची. एक माणूस सोडून. सासूबाई.

घरात त्यांना सगळे मोठीआई म्हणत. मोठीआईंचे कपडे शिवायला जायचे ते दोन रस्ते पलीकडच्या एका म्हाताऱ्या शिंप्याकडे. तो वारला तेव्हा त्याच्या मुलाकडे. घरात मशीन असताना कापडाची पिशवी घेऊन त्या शिवणबाईच्या खिडकीवरूनच पलीकडे जायच्या आणि आठ दिवसांनी शिवलेला झगा घेऊन त्याच खिडकीवरून परत यायच्या. नव्या नवलाईच्या दिवसांत शिवणबाईला हे फार लागलं. एकदा नवऱ्याकडे तिने विषय काढला. तो म्हणाला, "तुम्हा दोघींच्या मध्ये मी पडलो तर माझंच भरीत होईल." तेव्हापासून तिने तो विषय घडी घालून ठेवून दिला. मोठीआईंच्या झग्याची उजवी बाही नेहमी बोटभर लांब असायची. तिला ती रोज दिसायची. ती बोलायची नाही.

सहा वर्षांपूर्वी नवरा गेला. घरात मोठीआई, शिवणबाई, तिचा मुलगा, सूनबाई आणि नऊ वर्षांची नात उरली. नात एका जागी ठरायची नाही, म्हणून ती भिंगरी. मोठीआई आता शहाऐंशीच्या. नजर अधू झाली, गुडघे कुरकुरू लागले, पण कान आणि जीभ शाबूत. दुपारी त्या व्हरांड्यात खुर्ची टाकून बसत. ज्या खडखडीला त्यांनी आत येऊ दिलं नव्हतं, त्या खडखडीपाशी त्या स्वतःच येऊन बसू लागल्या होत्या.

मुलगा बसच्या आगारात गाड्यांची वेळापत्रकं लावायचा. त्या वर्षी त्याने जाहीर केलं, की सगळ्यांनी मिळून पाच दिवस समुद्रावर जायचं. रिसॉर्टमध्ये दोन खोल्या घेतल्यात, मध्ये दार आहे, वाळू दहा पावलांवर. सुट्टीचंही त्याने वेळापत्रक केलं होतं, छापून फ्रिजवर चिकटवलं होतं. सात वाजता फेरफटका, आठ वाजता नाश्ता, साडेनऊला समुद्रस्नान. समुद्रस्नानापुढे कंसात तिघांचीच नावं होती.

"आणि आम्ही दोघी?" शिवणबाईने विचारलं.

"तुम्ही छत्रीखाली आराम करायचा. चपला-टॉवेलांवर लक्ष राहील," तो प्रेमाने म्हणाला. त्याच्या मनात काही वावगं नव्हतं. आयांना पाण्यात जायचं असतं हे त्याच्या डोक्यातच कधी आलं नव्हतं. खरं सांगायचं तर शिवणबाईच्याही डोक्यात ते त्या क्षणापर्यंत आलं नव्हतं.

आलं ते सूनबाईमुळे. सूनबाई चष्म्याच्या दुकानात कामाला होती, दिवसभर दुसऱ्यांची नजर तपासायची, पण स्वतःसाठी पोहण्याचा पोशाख मागवताना तिची नजर चुकली. खांद्यात सैल, कमरेत घट्ट असला पोशाख घेऊन ती सासूपुढे उभी राहिली. "आई, यातून काही निघेल का?"

शिवणबाईने असलं कापड कधी हाताळलं नव्हतं. ओलं नसून ओल्यासारखं, ताणावं तितकं ताणणारं, सोडलं की आपल्या जागी परत. नेहमीची सुई त्यावर टाके गाळू लागली. दोन दिवस तिने कापडाला आणि कापडाने तिला छळलं. मग गोल टोकाची सुई आणली, धाग्याचा ताण सैल केला, नागमोडी टीप घातली, आणि ते कापड एकदाचं वठणीवर आलं. सूनबाई पोशाख घालून आरशापुढे तीनदा फिरली.

पण नवी विद्या हाताला लागली की हात गप्प बसत नाहीत. शिवणबाईने बाजारातून तसलंच काळं कापड आणलं. गुडघ्यापर्यंत पाय, कोपरापर्यंत बाह्या, पुढे झिपची साखळी, असा एक पोशाख तिने दोन दुपारींत शिवला. स्वतःच्या मापाचा. चौसष्ट वर्षांत स्वतःला इतकं बारकाईने तिने कधी मोजलं नव्हतं. कुणी व्हरांड्यात आलं की ती त्यावर गणवेशाची खाकी चड्डी टाकून द्यायची.

"आज टाका वेगळा वाजतोय," खुर्चीतून मोठीआई म्हणाल्या.

"जाड कापड आहे."

"जाड कापड असं वाजत नाही," मोठीआई म्हणाल्या.

रिसॉर्ट होतं छान. एका ओळीत निळ्या दारांच्या खोल्या, प्रत्येक दाराशी पाय धुवायला पाण्याचं घमेलं, आत पांढऱ्या चादरी इतक्या ताठ घातलेल्या, की भिंगरी उडी मारून पलंगावर पडली तर चादरीला सुरकुती नाही. शिवणबाईने पहिल्यांदा चादरीचा काठ उलटून बघितला. दुहेरी दुमड, सरळ टीप. पास.

पहिले दोन दिवस वेळापत्रकाप्रमाणे पार पडले. मुलगा, सूनबाई आणि भिंगरी पाण्यात. दोघी सासवा छत्रीखाली, पाच जोडी चपलांच्या राखणीला. समुद्र तिथे आत वळलेला होता, लाटा अगदी नावाला. शिवणबाईचा पोशाख बॅगेच्या तळाशी, दोन टॉवेलांच्या खाली होता. रोज सकाळी ती तो चाचपून बघायची आणि परत झाकायची. या वयात, या पोराच्या देखत, काळा पोशाख घालून वाळूतून चालत जायचं! विचारानेच कान गरम व्हायचे.

रिकाम्या हातांना मात्र चैन पडेना. डोक्यावरच्या छत्रीची शिवण हातभर उसवली होती. तिने पर्समधून सुई-दोरा काढला आणि खुर्चीवर उभी राहून ती टाचून टाकली. शेजारच्या छत्रीखालच्या बाईने ते पाहिलं आणि तुटलेला बंद घेऊन आली. मग तिची बहीण आली.

"आई, आपण सुट्टीवर आलोय," मुलगा पाण्यातून ओरडला.

"मग मी काय कामावर आलेय?" तिने दोरा दातांनी तोडत विचारलं.

संध्याकाळी एक ठेंगणी बाई छत्र्यांमधून चौकशी करत आली. रिसॉर्टची कपडेखोली तिच्याकडे होती, म्हणजे चादरी, टॉवेल, पडदे, सगळं. "ही टीप कुणी घातली? आमच्याकडे एवढं बारीक कुणी शिवत नाही." शिवणबाईने हात वर केला, शाळेत चूक सापडल्यासारखा. पण ती बाई हसली, शेजारी टेकली, आणि दोघी तासभर सुया, धागे आणि न टिकणाऱ्या साखळ्यांवर बोलत बसल्या. एकाच धंद्यातल्या दोन माणसांना गप्पांसाठी ओळख लागत नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी बाकीचे नाश्त्याला पुढे गेले होते. शिवणबाईने बॅग उघडली, पोशाख बाहेर काढला, अंगाला लावून आरशात बघितला. आज नाहीतर कधीच नाही, असं काहीसं मनाशी म्हणत होती, तेवढ्यात पलंगावरून आवाज आला.

"घातलास का?"

मोठीआई उठून बसल्या होत्या. शिवणबाईने पोशाख पाठीमागे लपवला. "काय घातलं?"

"जे दोन दिवस चड्ड्यांखाली लपवून शिवलंस ते. मला दिसत नाही, ऐकू येतं. जाणार आहेस ना पाण्यात?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. "विचार होता. पण लोक हसतील."

"हसले तर हसले. अंगाला भोकं पडत नाहीत." मोठीआईंनी पाय पलंगाखाली सोडले. मग म्हणाल्या, "मलाही यायचंय."

शिवणबाईला वाटलं, थट्टा करतायत. पण मोठीआई थट्टा करताना ओठ मुडपायच्या. आता ओठ सरळ होते. त्यांनी सांगितलं ते या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यांचे वडील कालव्याच्या दारांवर राखणदार होते. घर कालव्याच्या काठावर. चालायला लागल्या त्याच वर्षी त्या पोहायला लागल्या. पोरांशी पैज लावून या दारापासून त्या दारापर्यंत जायच्या आणि जिंकायच्या. लग्न झालं, या गावात आल्या. इथे ना कालवा, ना तळं. "सदुसष्ट वर्षं झाली. आंघोळीच्या बादलीएवढंच पाणी अंगाला लागलंय बघ."

"कधी बोलला नाहीत."

"बोलून काय कालवा इथे आला असता?"

शिवणबाई त्यांच्या शेजारी बसली. मग तिला खरी अडचण सुचली. "पण तुम्ही घालणार काय?"

"ते तुझं काम. तू शीव."

हे दोन शब्द ऐकायला तिला त्रेचाळीस वर्षं लागली होती. आणि आता जवळ ना मशीन, ना पुरेसं कापड. बॅगेत उरलेला तुकडा होता, पण त्यात फार तर अंगरखा बसला असता. ती तशीच उठली आणि कपडेखोली गाठली. ठेंगण्या बाईने सगळं ऐकून घेतलं आणि कपाटातून एक खोकं ओढलं. पाहुणे विसरून गेलेल्या वस्तूंचं. वर्षभरात कुणी मागायला न आलेल्या पोहायच्या दोन विजारी त्यातून निघाल्या. एक काळी, एक भडक नारिंगी.

"मशीन कोपऱ्यात आहे," ती म्हणाली. "दुपारी दोनपर्यंत माझ्या चादरी वाळतायत. तोवर तुमचंच."

माप घ्यायला शिवणबाई खोलीवर परत आली. मोठीआई पलंगाला धरून उभ्या राहिल्या, हात किंचित बाजूला, लहान मुलीसारख्या. तिने टेप खांद्यावर ठेवली. उजवा खांदा डाव्यापेक्षा बोटभर खाली होता. म्हणजे त्या बाहीचा दोष शिंप्याचा नव्हता. त्याने दोन्ही बाह्या सारख्या शिवल्या होत्या, अंगच तिरकं होतं. ते हेरायला रोज जवळ असलेलं माणूस लागतं.

टेप गुंडाळता गुंडाळता तिने विचारलं. इतकी वर्षं घडी घालून ठेवलेलं ते आपोआप उलगडलं. "मोठीआई, माझ्याकडे कधीच का नाही शिवलंत?"

मोठीआईंनी उत्तर तयार असल्यासारखं दिलं. "बिघडलं असतं तर मी बोलले असते. माझी जीभ तुला ठाऊक आहे. त्या शिंप्याला बोलले तर तो संध्याकाळी विसरायचा. तू विसरली नसतीस. आपल्याला एका घरात दिवस काढायचे होते, बाई."

शिवणबाईच्या हातातली गुंडाळलेली टेप पुन्हा सुटली. तिने स्वतःशी कितीतरी कारणं रचली होती. माझं काम आवडत नाही, मला कमी लेखतात, सून म्हणून पायरी दाखवतात. हे कारण तिला एकदाही सुचलं नव्हतं.

"आणि आता बिघडलं तर?"

"आता बोलेन की. आता तुला लागत नाही माझं."

"लागतं," शिवणबाई म्हणाली, "पण चालतं." आणि दोघी हसल्या.

दोनच्या आत पोशाख तयार झाला. पुढची साखळी लांब, बोट अडकवून ओढता येईल अशी कडी लावलेली. कंबरेला इलॅस्टिक मऊ, काचू नये म्हणून दुहेरी. उजवा खांदा आतून बोटभर उतरवलेला. बाह्यांना काळं कापड पुरलं नाही. त्या नारिंगी झाल्या.

"हे काय, पोपटाच्या चोचीसारखं?" मोठीआईंनी डोळ्यांजवळ नेऊन बघितलं.

"दुरून ओळखू याल."

"गळ्याला ढिला आहे."

"उद्या पाण्यात घट्ट वाटेल."

मोठीआईंनी पुन्हा एकदा हात उचलून बघितले, पुढे, वर, बाजूला. बाह्या दोन्ही मनगटांपासून सारख्याच अंतरावर थांबल्या. त्या एवढंच म्हणाल्या, "बरं आहे." या घरात 'बरं आहे' म्हणजे सुवर्णपदकच.

चौथ्या दिवशी सकाळी साडेसहाला, बाकीची मंडळी तोंडं धूत असताना, दोघी निघाल्या. कपडेखोलीच्या बाईने रुंद चाकांची वाळूतली खुर्ची काढून ठेवली होती. मोठीआई त्यात बसल्या, अंगाभोवती टॉवेल, हातात काठी, आणि स्वारी पाण्याच्या कडेला पोचली. तिथे शिट्टी गळ्यात घातलेली एक जीवरक्षक मुलगी उभी होती. तिने एकदा दोघींकडे बघितलं, एकदा नारिंगी बाह्यांकडे.

"वय?" तिने विचारलं.

"पाणी विचारत नाही," मोठीआई म्हणाल्या, "तू कशाला विचारतेस?"

मुलगी हसली. "दोरीच्या आत राहायचं. मी सोबत आहे."

पाणी आधी घोट्याला लागलं, मग पोटरीला. शिवणबाईने एका बाजूने हात धरला होता, मुलीने दुसऱ्या. कमरेएवढ्या पाण्यात मोठीआई थांबल्या. त्यांनी डोळे मिटले, काठी शिवणबाईच्या हातात दिली आणि कुणी काही म्हणायच्या आत मागे रेलल्या. शिवणबाई किंचाळली. पण मोठीआई बुडाल्या नाहीत. पाण्यावर आडव्या झाल्या, हात पसरले, गुडघे, जे दोन जिने चढताना चार ठिकाणी थांबायचे, ते हलकेच खाली-वर होऊ लागले. चेहरा आभाळाकडे. खारं पाणी, कालव्यापेक्षा जास्त उचलणारं. त्यांना स्वतःलाच नवल वाटलं असावं, कारण त्या मोठ्याने हसल्या. तो आवाज शिवणबाईने त्या घरात इतक्या वर्षांत ऐकला नव्हता.

सातला मुलगा फेरफटक्याला आला. त्याला आधी रिकामी खुर्ची दिसली, मग पाण्यात आडवी आजी. तो बुटांसकट, चष्म्यासकट, खिशातल्या वेळापत्रकासकट धावत पाण्यात शिरला. "आजी! आई, काय चाललंय काय हे!"

"बूट काढ रे, मग ये," मोठीआई पाण्यावरून म्हणाल्या. "आणि ओरडू नकोस. लाटा येतात."

तो तिथेच उभा राहिला, गुडघाभर पाण्यात. आईकडे बघितलं. काळ्या पोशाखातली, केस चिकटलेली, हातात काठी धरलेली आई. शेवटी तो म्हणाला, "छान बसलाय गं." शिवणबाईला त्या क्षणी लक्षात आलं, की आपल्याला लाजायचं राहूनच गेलं.

मागून भिंगरी पाणी उडवत आली, तिच्या मागे सूनबाई. चपलांपाशी कुणीच नव्हतं. चपला कुठे गेल्या नाहीत.

पाचव्या दिवशी धडा सुरू झाला. शिवणबाईला पोहता येत नव्हतं. मोठीआई पाण्यात बसक्या दगडावर टेकून शिकवायला लागल्या आणि जिभेला बिलकूल आवर घातला नाही. "पाय मशीनवर चालवतेस तसे नको चालवू. इथे घाई नाहीये. मान सोड. सोड म्हणते ना! मानेत सगळा हट्ट असतो बाई तुझ्या." शिवणबाई चार वेळा बुडाली, नाकातोंडात पाणी गेलं, डोळे लाल झाले. पाचव्यांदा मान सुटली. पाण्याने तिला धरलं, कुठलंही माप न घेता, आणि कानांत सगळीकडे शांत गुणगुण भरली. किती वेळ गेला कळलं नाही. उठली तेव्हा भिंगरी एकेक आकडा मोठ्याने मोजत होती आणि एकतीसवर पोचली होती.

घरी आल्यावर मोठीआईंनी पलीकडच्या शिंप्याकडून आपलं कापड परत आणवलं. आता त्यांचे कपडे खिडकीशीच शिवले जातात आणि प्रत्येक कपड्यावर त्या सविस्तर बोलतात. शिवणबाई उलटून बोलते. सूनबाई म्हणते, घरात पूर्वी बरी शांतता होती.

शहराच्या दुसऱ्या टोकाला एक जुना पोहण्याचा तलाव आहे, झाकलेला, कोमट पाण्याचा. दर मंगळवारी सकाळी तो वयस्क बायकांसाठी राखीव असतो. मुलाने बसची वेळ शोधून दिली: एक गाडी, मध्ये बदलायची नाही. दोघी जातात. मोठीआई उथळ बाजूला अर्धा तास पडून राहतात आणि शेजारणींना हातपाय कसे मारायचे ते न विचारता सांगतात. तिथल्या सहा-सात बायकांनी शिवणबाईकडे माप दिलंय, त्यांतल्या दोघी पहिल्या दिवशी टॉवेलसुद्धा सोडायला तयार नव्हत्या.

मागच्या मंगळवारी शिवणबाईने तलाव आडवा पार केला. भिंतीपासून भिंतीपर्यंत, मध्ये कुठेही पाय न टेकता. पलीकडच्या कठड्याला हात लागला तेव्हा तिने वळून बघितलं. मोठीआई या काठाला होत्या. नजर तेवढी पोचत नव्हती त्यांची.

"पोचलीस का गं?" त्यांनी हाक मारली.

"पोचले!"

"मग परत ये," मोठीआई म्हणाल्या. "बस चुकेल."

आणि शिवणबाईने भिंतीला पाय लावून पाण्यात अंग झोकून दिलं.